सात पाट्या आणि रुपराव

मी रुपराव बोलतोय. दचकू नका, पेंटर रुपराव सोमकुवर नव्हे. ते आपल्या जागी खुशाल आहेत, आत्ता या घटकेला ओसरीवर चहात टोस्ट बुडवून खाताहेत. मी त्यांच्या हातचा फॉन्ट. नाव त्यांचं, वळण त्यांचं आणि थोडा हट्टीपणाही त्यांचाच, असं घरात सगळे म्हणतात.

राहायला मी नागपुरात, इंदोऱ्याच्या एका गल्लीत, दीक्षाच्या लॅपटॉपमध्ये. बोलता बोलता तोंडात 'मले-तुले' आलं तर चालवून घ्या. पुण्याकडच्या लग्नपत्रिकांमध्ये मी अगदी शहाण्यासारखा वागतो, पण घरच्यांसमोर कशाला सोंग आणायचं?

दीक्षा म्हणजे रुपराव पेंटरची मुलगी. धंदा करते अक्षरांचा. घरातली पुढची खोली हेच तिचं ऑफिस: एक टेबल, एक कुरकुरणारी खुर्ची आणि उन्हाळ्यात खोलीभर गारवा कमी आणि पाणीच जास्त उडवणारा कूलर. मालक ती, कारागीर ती, आणि फोन उचलून "हो सर, पाठवते सर" म्हणणारीही तीच. फॉन्ट कुणीतरी बसून बनवतं हे लोकांना पटतच नाही हो! त्यांना वाटतं, कॉम्प्युटर विकत घेतला की अक्षरं त्यातच उगवतात. नातेवाईक सिंधूताईंना, म्हणजे दीक्षाच्या आईला विचारायचे, "पोरगी काय करते वं?" माउली सांगायची, "अक्षरं इकते." एकीने तर कानात विचारलं होतं, "पन घेते कोन?"

तर घेतं कोण, तेच सांगतो. जितेंद्र नावाचा एक उत्साही माणूस एके दिवशी दारात आला. शहरात त्याचे तर्री-पोह्याचे चार ठेले. आता विमानतळाजवळच्या मिहानच्या बाजूला खापरीला पहिलं पक्कं दुकान उघडणार होता, पंधरा मेला. "मॅडम, मले ते जुन्या शटरवाले अक्षर पाहिजे," तो म्हणाला. "ब्रशनं लिहिलेले. पाहिलं की भूक लागली पाहिजे. पाटी, मेनू, डबे, सगळ्यावर एकच." दीक्षाला हसू फुटलं. असली अक्षरं लिहिणारा माणूस आत जेवत बसला होता.

कामठीपासून रामटेकपर्यंत एके काळी अर्धीअधिक शटरं रुपरावबाबांच्या हातची होती. चुन्याची दोरी ताणून रेघ मारायची, आणि दोरीचं दुसरं टोक धरायला लहानगी दीक्षा. पुढे फ्लेक्स आले आणि बाबांचे ब्रश डब्यात उभे राहिले ते राहिलेच. आपल्या बापाचा हात असा डब्यात वाळून जाऊ नये, असं दीक्षाला फार दिवसांपासून वाटत होतं. जितेंद्रला होकार देताना तिच्या मनात त्याच्यापेक्षा बाबाच जास्त होते. हे तिने कुणाला सांगितलं नाही, पण मला ठाऊक आहे.

माझ्या जन्माचा पहिला दिवस मात्र अगदीच फसला. दीक्षाने कागद, रंग आणि ब्रश मांडले आणि म्हणाली, "बाबा, क पासून ज्ञ पर्यंत लिहून द्या." बाबांनी क लिहिला. ख लिहिला. काय सांगू तुम्हाला, पहिलीतल्या पोराने छडीच्या भीतीने काढावीत तशी अक्षरं! तो ख पाहून मला आजही लाज वाटते. बाबांनी ब्रश खाली ठेवला.

"हे काय लिहून राहिलो मी? कोनाचं हाय हे?"

"कोनाचंच नाही बाबा, नुसती अक्षरं हायेत."

"मी पेंटर हाय, मास्तर नाही. ऑर्डर सांग. गिऱ्हाईक कोन? पाटी कुठी लागते? मान्सं बसमधून वाचतीन का पायी जाता जाता? समोर झाड हाय का?"

समोर झाड हाय का, हा त्यांचा पहिला प्रश्न. झाडाची सावली पाटीवर कुठून पडते त्यावर त्यांच्या अक्षराची जाडी ठरते. हे माहीत नसेल तर त्यांचा हात चालतच नाही, आणि त्यात नखरा कसलाही नाही. दीक्षाने दोनदा समजावलं, आईने एकदा रागावून पाहिलं. ढिम्म!

मग दीक्षाने एक चूक केली. पेंटरची पोर नसती तर तिला ती सुचलीही नसती. तिने खोट्या ऑर्डरी आणल्या.

पत्र्याच्या सात पाट्या कापून आणल्या आणि एकेक दुकान मनानेच उघडलं. नावं अशी, की प्रत्येकातून मला नवी अक्षरं मिळावीत. 'ऐश्वर्या ऊस रसवंती', कामठी रोड. 'छत्रपाल छत्री दुरुस्ती', सीताबर्डी. 'ठवरे घड्याळ क्लिनिक'. 'झाडे ढोलक भांडार'. 'फणींद्र इस्त्री'. 'ओंकार टायर पंक्चर'. आणि 'ङ' हे अक्षर काही केल्या कुठल्या दुकानात बसेना, म्हणून शेवटी 'वाङ्मय वाचनालय'.

"रसवंतीसमोर झाड हाय का?" बाबांनी विचारलं.

"हाय ना. कडुनिंबाचं," दीक्षाने ठोकून दिलं.

आणि बाबांचा हात सुटला. अहाहा! तो 'ऐ' असा डौलात उतरला, आणि 'ऊस'मधला ऊ तर रसाने भरलाय असं वाटावं. 'छत्री'चा छ त्यांनी हसत हसत लिहिला. आठवड्याला एक पाटी व्हायची. दीक्षा तिचे फोटो काढायची, एकेक अक्षर लॅपटॉपवर घेऊन त्याच्या कडा बिंदू-बिंदूने बसवायची, आणि मी हळूहळू आकार घेत होतो. बाबा पुन्हा सकाळी दाढी करू लागले, शर्टाला इस्त्री करू लागले. आई म्हणायची, "पाय वं, तुहे बाबा जवान होऊन राहिले."

वाळलेल्या पाट्या दीक्षा "गिऱ्हाईक घेऊन गेलं" म्हणायची आणि दिवाणाच्या पोटात ठेवायची. त्याच दिवाणावर बाबा दुपारी झोपायचे. मला तेव्हाच हे लक्षण बरं दिसत नव्हतं.

कारण बाबांचा एक नेम होता, आणि दीक्षा तो विसरली होती. पाटी लागली की आठ दिवसांनी ते सायकल काढून बघायला जायचे. दुकानात शिरायचे नाहीत. रस्त्याच्या पलीकडे उभे राहायचे, डोळे बारीक करायचे, आणि मनाशी दोन शब्द बोलून परत यायचे. आयुष्यात एकही पाटी त्यांनी अशी बघितल्याशिवाय सोडली नव्हती. फेब्रुवारी-मार्चभर दीक्षा काहीबाही सांगत राहिली: अजून लागली नाही, मालक गावाला गेलाय, त्यांच्याकडे लग्न आहे. एप्रिलमध्ये एका सकाळी बाबांनी डोक्याला दुपट्टा बांधला आणि कुणाला न सांगता निघाले.

परत आले ते दुपारी दोनला. तोंड लाल, शर्ट घामाने चिकटलेला. ते दिवाणावर बसले.

"कामठी रोडवर तीन रसवंत्या पाह्यल्या," ते हळूच म्हणाले. "तिन्हीकडे रस पेलो. इचारलं, ऐश्वर्या रसवंती कुठी हाय गा. कोनी सांगेना. मंग बर्डीवर गेलो. छत्रपाल नावाचा मानूस तिथं कोनालेच ठाऊक नाही. दीक्षा, माह्या पाट्या कुठी हायेत?"

खोटं बोलायला दीक्षाने तोंड उघडलं खरं, पण बापाच्या पायाची धूळ पाहून मिटलं. तिने त्यांना उठवलं, दिवाणाची फळी वर केली आणि सात पाट्या एकेक करून बाहेर काढल्या.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पाट्यांवरून हात फिरवत राहिले.

"काहून वं?" त्यांनी विचारलं. "पेंटर पाटी लिहितो म्हंजे शब्द देतो. इथं हे दुकान हाय, या, असा. मी सात खोटे शब्द देले. या वयात."

"चुकलं बाबा," दीक्षा रडायला लागली. "तुमी लिहावं म्हणून केलं."

"मले सांगतलं असतं पोरी, की माह्यासाठी खोटं लिहून द्या, त मी नाहीच म्हटलं असतं. पन मले फसवलं नसतं ना तू."

त्यांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतले, कापडात गुंडाळले आणि लोखंडी पेटीत ठेवून दिले. डब्यात उभेसुद्धा ठेवले नाहीत.

आता माझी अवस्था काय विचारता! अर्धवट. पंधरा-सोळा अक्षरं अजून यायची होती. अ नाही, ख नाही, ग नाही, ज नाही, ब नाही. आणि ह नाही. ज्याच्या अंगात ह नाही त्या फॉन्टात कुणी पोहे लिहून दाखवावेत! मला धड पोहे लिहिता येत नव्हते, की धड जितेंद्र. पंधरा मेला तीन आठवडे राहिले होते. 'ङ' तेवढा माझ्याकडे होता, पण तो घेऊन जितेंद्र काय करणार?

राहिलेली अक्षरं दीक्षाला स्वतः काढता आली असती. तिचा हात काही कच्चा नव्हे. एकदा तिने ह काढलाही. छान होता, पण तो तिचा होता. तिने पुसून टाकला आणि जितेंद्रला फोन करायला घेतला, की दुसरं कुणी बघा.

तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला. दोन दिवसांत पहिल्यांदाच ते तिच्याशी बोलत होते.

"त्या सात पाट्या लाव."

"कुठी, बाबा?"

"जिथं मी लिहिल्या तिथं. खऱ्या दुकानावर, खऱ्या मान्साच्या डोक्यावर. सात लागल्या की मंग पाह्यतो."

झालं! माणसं दुकान काढतात आणि मग पाटी करतात. आमच्या दीक्षावर पाट्या घेऊन दुकानं शोधायची पाळी आली. भर एप्रिल, नागपूरचं ऊन, तोंडाला ओढणी, स्कूटीच्या मागे सुतळीने बांधलेला पत्रा. रेल्वे फाटकात उभी असली की लोक वाचायचे आणि विचारायचे, "ताई, ढोलक विकता का?"

टायरवाला पहिल्याच दिवशी सापडला. त्याचं काहीच म्हणणं नव्हतं, फुकटची पाटी मिळतेय तर नाव कुठलंही चालेल. घड्याळवाले आजोबा, इस्त्रीवाला भाऊ, हेही चार दिवसांत झाले. बर्डीच्या फुटपाथवर छत्र्या दुरुस्त करणारा वसंत मात्र अडून बसला. "माहं नाव वसंत हाय, मी छत्रपाल कायले होऊ?" दीक्षाने त्याच्याकडून आईची मोडकी छत्री नीट करून घेतली, तोवर पाटी भिंतीला टेकवून ठेवली. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं पाटी वाचून थांबली. पैकी एकाने हाक मारली, "ओ छत्रपालभाऊ, हे दांडी बसवून द्या." वसंतने मान वर केली आणि "देतो," म्हणाला. पाटी तिथेच राहिली.

रसवंतीचा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. कामठी रोडवर धोंडबा नावाच्या माणसाचं रसाचं दुकान, वर नुसती ताडपत्री, नाव-गाव काही नाही. आणि समोर, मी शपथेवर सांगतो, कडुनिंबाचं झाड. पाटी पाहून धोंडबा कपाळाला हात लावून हसत सुटला.

"हेच का ते ऐश्वर्या? अवो, त्या दिवशी एक म्हातारबाबा येऊन विचारून राहिले होते, ऐश्वर्या कुठी हाय म्हणून. मले वाटलं, कोणाची पोट्टी हरवली!"

"ते माझे बाबा," दीक्षा म्हणाली, आणि तिला हसावं की रडावं कळेना.

"पन ताई, माह्या घरवालीचं नाव प्रेमिला हाय. मी ऐश्वर्याची पाटी लावली, त उसाच्या जागी ते माहाच रस काढन!"

दीक्षा उन्हात तशीच उभी राहिली. धोंडबाने तिला ग्लास दिला, पाटीकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "सुनेले दिवस हायेत. पोट्टी झाली त नाव ठरलं समजा. आन पोट्टा झाला त प्रेमिलाले मी समजावतो. लावा."

ढोलकवाला रामटेकच्या बाजारात मिळाला. त्याने दीक्षाला अख्खी एक चाल वाजवून दाखवली, पाटीच्या आनंदात.

राहिलं एक वाचनालय. सातवी पाटी कुणी घेईना. दोन शाळांनी, एका मंडळाने नकार दिला. नाव वाचूनच लोक घाबरायचे. मे उजाडला. दीक्षा आपल्या टेबलाशी बसून त्या पाटीकडे बघत होती, आणि मग तिने खोलीकडे बघितलं. ती उठली. टेबल, खुर्ची, मी, सगळं मागच्या भिंतीला सरकलं. पुढे दोन मांडण्या आल्या. घरात पुस्तकं काही कमी नव्हती, बाबांनी एकवेळ जेवण सोडलं असेल पण पुस्तक सोडलं नव्हतं. शेजारपाजारून आणखी आली. आईने सतरंजी घातली, एक वही ठेवली, तिला दोरीने पेन बांधलं.

त्या दिवशी बाबा पाहणीला निघाले होते. रामटेकला आदल्या दिवशी बसने जाऊन आले होते, आता शहरातल्या पाच पाट्या सायकलवर. दीक्षा सकाळपासून दाराशी आत-बाहेर करत होती. कामठी रोडवर ते म्हणे कडुनिंबाखाली दहा मिनिटं उभे होते, आणि धोंडबाने हाक मारली तरी रस प्यायला गेले नाहीत. काम चालू असताना ते पीत नाहीत.

संध्याकाळी गल्लीत सायकल वळली. घराच्या दारावर 'वाङ्मय वाचनालय'. बाबा खाली उतरले, पण आत आले नाहीत. सायकल घेऊन पलीकडे गेले, विजेच्या खांबाजवळ उभे राहिले, डोळे बारीक केले. आपल्याच घराकडे असं परक्यासारखं बघताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. खिडकीतून दीक्षाही बघत होती.

मग ते रस्ता ओलांडून आले, चपला बाहेर काढल्या, वहीत आपलं नाव लिहिलं आणि म्हणाले, "मॅडम, वाचाले काही भेटन का?"

दीक्षाने एक पुस्तक पुढे केलं. बाबांनी ते घेतलं, आणि तिच्या डोक्यावर पुस्तकासकट हात ठेवला.

"घड्याळातला ळ जरा दबला," ते म्हणाले. "बाकी ठीक हाय. उद्या ऑर्डर सांग. पन खरी."

खरी ऑर्डर तर कधीची वाट पाहत होती. दुसऱ्या दिवशी जितेंद्रला घरी बोलावलं. बाबांनी त्याची उलटतपासणी घेतली. दुकानाचं तोंड कुठे, ऊन कधी येतं, झाड हाय का. मग पूर्ण मेनू पत्र्यावर उतरला, आलू पोहे, चना पोहे, आंबील, उसळ, गोड धिरडी, आणि सगळ्यांच्या वर 'जितेंद्र यांचे खमंग पोहे'. माझा ह त्या दिवशी जन्मला. पोट पुढे काढून, जेवून तृप्त झालेल्या माणसासारखा. मेनूतही न मावलेली तीन-चार अक्षरं बाबांनी वाचनालयाच्या नियमांची पाटी लिहून पुरी केली. नियम एकच होता, लक्ष देऊन वाचा, ज्ञान घरी न्या आणि पुस्तक इथंच परत आणा.

मी पुरा झालो. पंधरा मेला जितेंद्रच्या दुकानासमोर रांग लागली, आणि बाबा रस्त्याच्या पलीकडे उभे होते.

आता मी गावोगाव फिरतो. कोल्हापुरात एका बेकरीवर आहे, नांदेडला औषधाच्या दुकानावर आहे, कुठल्याशा बालवाडीच्या भिंतीवरही आहे. दीक्षाकडे कामं येताहेत, खुर्ची मात्र अजून कुरकुरते. धोंडबाला नात झाली. वाचनालयात संध्याकाळी सतरंजीवर जागा मिळत नाही, आणि मागच्या भिंतीशी बसलेली दीक्षा सगळ्यांना "हळू बोला" म्हणत अक्षरं बनवत असते.

एकच पंचाईत झाली. नांदेडची पाटी लागल्याचं कळलं, तेव्हा बाबा आठव्या दिवशी सायकल पुसायला बसले. दीक्षाने सांगितलं, बाबा, ते लांब आहे. मग कोल्हापूर. तेही लांब. "मंग माह्या पाट्या मी पाहू कशा?" असं म्हणून बाबा फडकं हातात घेऊन बसून राहिले. त्या दिवसापासून दीक्षा मला कुणाला देताना कागदावर एक अट लिहून देते. वकिलाने ती वाचली आणि चष्मा काढून पुन्हा वाचली.

तुम्हीही मला कधी आपल्या दारावर लावलंत, तर तेवढी अट पाळा, माझं एवढंच मागणं आहे. आठ दिवस जाऊ द्या, मग एक फोटो काढून पाठवा. जवळून नको, रस्त्याच्या पलीकडून. दुकान उघडं असू द्या. बाबा फोन लांब धरतात, डोळे बारीक करतात आणि बराच वेळ बघतात.

आणि समोर झाड असेल तर तेही कळवा. ते पहिल्यांदा तेच विचारतात.